नाव पुरेसे नाही, रूप सांगा: अँटिबॉडी विकणाऱ्या कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
संशोधनासाठी अँटिबॉडी बनवणाऱ्या व विकणाऱ्या कंपन्यांचे उत्पादन विभाग आणि तांत्रिक मदत विभाग

विषय: सॉनिक हेजहॉग या प्रथिनाच्या अँटिबॉडीच्या माहितीपत्रकांबाबत

स.न.वि.वि.

भ्रूण घडत असताना पेशी एकमेकींना निरोप कसे पाठवतात, या विषयावर मी काम करते. अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवून देणारे रेणू, आमच्या रोजच्या वापरातले, त्यामुळे तुमचे कॅटलॉग मला चांगलेच परिचयाचे आहेत. सॉनिक हेजहॉग, म्हणजे प्रयोगशाळेच्या रोजच्या बोलण्यात एसएचएच, हे प्रथिन शोधायला निघालेल्या माणसाला तुमच्याकडे पर्यायांची कमतरता नाही. मोनोक्लोनल (एकाच जागी बसणाऱ्या) आहेत, पॉलिक्लोनल (अनेक जागी बसणाऱ्यांचे मिश्रण) आहेत, सशाच्या, उंदराच्या, बकरीच्या आहेत, चमकणारे रंग जोडलेल्याही आहेत. माझी तक्रार संख्येबद्दल नाही.

मागणी एका वाक्याची आहे, म्हणून आधीच सांगते. एसएचएचची अँटिबॉडी विकताना ती या प्रथिनाचे नेमके कोणते रूप ओळखते, कोणते ओळखत नाही आणि हे कोणत्या प्रयोगावरून ठरवले, एवढे माहितीपत्रकावर छापा.

सध्या काय छापलेले असते? लक्ष्य: एसएचएच. ओळखते: माणूस, उंदीर, घूस. वापर: वेस्टर्न ब्लॉट (जेलमध्ये वजनानुसार वेगळी केलेली प्रथिने दाखवणारी पद्धत), पॅराफिन छेद, इम्युनोफ्लुरोसन्स, एलायझा. इम्युनोजेन (अँटिबॉडी बनावी म्हणून प्राण्याला टोचलेला भाग): मानवी एसएचएचच्या अंतर्गत भागावरून बनवलेले पेप्टाइड, क्रम गोपनीय. खाली एक ब्लॉट, त्यात एक ठळक बँड (पट्टा) आणि त्याच्याकडे बोट दाखवणारा बाण. अनेकदा हा ब्लॉट ज्या पेशींमध्ये बाहेरून जनुक घालून एसएचएच भरमसाट बनवायला लावले आहे अशा पेशींचा असतो. एवढा माल समोर असेल तर सुमार अँटिबॉडीलाही तो दिसणारच. भ्रूणाच्या ऊतीत हे प्रथिन मूठभर पेशी बनवतात आणि बनवलेले पुष्कळसे बाहेर सोडून देतात. तिथे काय दिसेल, याचे उत्तर त्या चित्रात नसते.

पण मुख्य अडचण त्याच्याही आधीची आहे. एसएचएच हे एकच एक प्रथिन नाही, आणि तुमची माहितीपत्रके ते एकच असल्यासारखी लिहिलेली असतात.

माणसाच्या पेशीत एसएचएच 462 अमिनो आम्लांची साखळी म्हणून जन्माला येते. सुरुवातीची 23 अमिनो आम्ले फक्त स्रावमार्गाचा रस्ता दाखवण्यापुरती असतात, ती लगेच कापली जातात. उरते ते साधारण 45 किलोडाल्टनचे (हे प्रथिनांच्या वजनाचे एकक) पूर्वरूप. यानंतर जे होते ते मला इतकी वर्षे झाली तरी विलक्षण वाटते: हे प्रथिन स्वतःच स्वतःचे दोन तुकडे करते. कापण्याची क्षमता मागच्या अर्ध्या भागात असते. 197 क्रमांकाचे ग्लायसीन आणि 198 क्रमांकाचे सिस्टीन यांच्यातला बंध तुटतो आणि त्याच रासायनिक क्रियेत पुढच्या तुकड्याच्या शेवटाला कोलेस्टेरॉलचा रेणू जोडला जातो. 1996 मध्ये हे प्रसिद्ध झाले, तेव्हा कोलेस्टेरॉल एखाद्या प्रथिनाला असे थेट चिकटवले जाते ही कल्पनाच नवी होती. दोन वर्षांनी कळले की त्याच तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला, सुरुवातीच्या सिस्टीनवर, पाल्मिटिक आम्लही बसवलेले असते. दोन्ही टोकांना मेद लावलेला हा 19 किलोडाल्टनचा तुकडा म्हणजे खरा निरोप. पॅच्ड नावाच्या ग्राहीला (निरोप घेणाऱ्या प्रथिनाला) जाऊन बसतो तो हाच. साधारण 25 किलोडाल्टनचा मागचा तुकडा आपले काम झाल्यावर बाजूला पडतो. शेजारच्या पेशीला निरोप पोचवण्यात त्याचा वाटा नसतो.

म्हणजे एकाच जनुकापासून निदान तीन वेगवेगळ्या वस्तू मिळतात: न कापलेले पूर्वरूप, निरोप देणारा पुढचा तुकडा आणि काम संपलेला मागचा तुकडा. पुढच्या तुकड्याचेही प्रकार आहेत. मेद लावलेला आणि न लावलेला तुकडा जेलमध्ये अगदी एका जागी थांबत नाहीत. कोलेस्टेरॉल असलेला किंचित जास्त वेगाने धावतो. पेशीबाहेर हे मेदयुक्त तुकडे एकमेकांना धरून मोठे पुंजके करतात आणि त्या पुंजक्यात अँटिबॉडीला बसायची जागा झाकली जाऊ शकते.

आता माहितीपत्रकावरचे ‘एसएचएच ओळखते’ हे वाक्य पुन्हा वाचा. यातले कोणते?

हा प्रश्न नुसत्या काटेकोरपणाचा असता तर पत्र लिहिले नसते. गर्भात एसएचएच पृष्ठरज्जूत (नोटोकॉर्ड, भ्रूणाच्या पाठीतला दांडा) बनते, न्यूरल ट्यूबच्या (जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात) तळाशी असलेल्या फ्लोअर प्लेटमध्ये बनते, हातापायांच्या अंकुरात करंगळीच्या बाजूला बनते. तिथून ते पसरते. जवळच्या पेशींना जास्त मिळते, लांबच्यांना कमी, आणि मज्जारज्जूत कोणत्या प्रकारची चेतापेशी कुठे घडायची किंवा हाताला बोटे किती आणि कशी यायची, हे त्या कमीजास्तीवर ठरते. प्रथिन कुठे बनते हे पाहायला अँटिबॉडीची गरज नाही. आरएनए शोधण्याची इन सिटू पद्धत 1993 पासून ते उत्तम दाखवते आहे. अँटिबॉडी लागते ती बनलेले प्रथिन कुठवर पोचले हे पाहायला. तुम्ही दिलेली अँटिबॉडी मागच्या तुकड्यावर बसणारी असेल तर तिने दाखवलेल्या चित्राला या प्रश्नाच्या लेखी काही अर्थ नाही. पावती कुणाकुणाच्या हाती गेली ते शोधायचे सोडून पावतीपुस्तकात उरलेल्या स्थळप्रती मोजत बसण्यासारखे ते आहे.

आणि यातली खरी मेख अशी, की ती अँटिबॉडी खोटी नसते. जनुक काढून टाकलेल्या पेशींवर तपासली तर बँड जाईल. परीक्षेत ती पहिल्या वर्गात पास होईल. सध्या ‘नॉकआउटवर तपासलेली’ असा शिक्का अनेक उत्पादनांवर दिसतो आणि तो शिक्का आल्याचा मला मनापासून आनंद आहे, पण नॉकआउटमध्ये तिन्ही रूपे एकदमच जातात. दिसत होते ते या जनुकाचेच काहीतरी होते, इतकेच त्यातून सिद्ध होते. कोणते काहीतरी, ते नाही.

मध्यंतरी एका अँटिबॉडीच्या माहितीपत्रकावर ‘अपेक्षित वजन 50 किलोडाल्टनच्या आसपास’ असे वाचले आणि न राहवून त्या कंपनीच्या तांत्रिक मदत विभागाला विचारले की हा बँड नेमका कशाचा. उत्तर सौजन्यपूर्ण होते. प्रथिनावर नंतर होणाऱ्या बदलांमुळे वजन वेगळे दिसू शकते, असे त्यात म्हटले होते. कोणते बदल, ते नव्हते. इम्युनोजेनचा क्रम मागितला तर तो व्यापारी गुपित असल्याचे कळले. क्रम नको, निदान तो 198 च्या अलीकडचा की पलीकडचा एवढे तरी सांगा, असे लिहिले. त्यावर दहा टक्के सवलतीचे कूपन आले.

‘नंतर होणारे बदल’ हे उत्तर तुमच्या सगळ्यांच्याच मदत विभागांत तयार ठेवलेले असते. ते कधी कधी खरेही असते. एसएचएचच्या बाबतीत मात्र बदल कोणते, कुठे आणि त्यांनी वजन किती हलते, हे पंचवीसहून अधिक वर्षे छापील स्वरूपात उपलब्ध आहे. तेव्हा या प्रथिनापुरते तरी ते उत्तर कपाटात ठेवून द्या.

वजनांचा घोळ आणखी एका ठिकाणी होतो. उंदराच्या ऊतीवर उंदरात बनवलेली अँटिबॉडी वापरली की उंदराच्या अँटिबॉडीवर बसणारी सेकंडरी (पहिली अँटिबॉडी दाखवणारी दुसरी) त्या ऊतीतल्या मूळच्या इम्युनोग्लोब्युलिनवरही, म्हणजे उंदराच्या स्वतःच्या अँटिबॉडीवरही, बसते. त्याची हलकी साखळी असते 25 किलोडाल्टनची आणि जड साखळी 50 च्या आसपास. एसएचएचचा मागचा तुकडा पहिलीच्या शेजारी आणि न कापलेले पूर्वरूप दुसरीच्या खालच्या अंगाला, म्हणजे गोंधळ होण्याची दोन्ही ठिकाणे हाताशी. यावरचे उपाय सगळ्यांना माहीत आहेत. माहितीपत्रकावर फक्त एक इशारा हवा, आणि केवळ सेकंडरी लावलेल्या नियंत्रण ब्लॉटचे चित्र हवे.

आता एक चांगले उदाहरण देते, म्हणजे मी अशक्य काही मागत नाही हे पटेल. 5ई1 ही उंदराची मोनोक्लोनल अँटिबॉडी या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. आयोवा विद्यापीठातल्या डेव्हलपमेंटल स्टडीज हायब्रिडोमा बँकेतून ती मिळते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 1986 मध्ये स्थापन केलेली ही बँक नफ्यासाठी चालत नाही. 5ई1 पुढच्या तुकड्यावर बसते आणि तीही ग्राही जिथे बसतो त्याच खोबणीवर. म्हणूनच ती निरोप नुसता दाखवत नाही, अडवतेही. 2010 मध्ये तिची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली आणि ती कुठे, कशी बसते हे अणूंच्या पातळीवर दिसले. याच माहितीतून तिच्या मर्यादाही उघड होतात. तिला प्रथिनाची घडी शाबूत लागते, त्यामुळे उकळून उलगडलेल्या प्रथिनाच्या ब्लॉटसाठी तिच्यावर भरवसा ठेवू नये. खोबणीचा तो भाग हेजहॉग कुटुंबातल्या सगळ्यांचाच जवळजवळ सारखा असल्याने ती इंडियन हेजहॉग या भावंड प्रथिनालाही धरते. जिथे दोन्ही प्रथिने असू शकतात, उदाहरणार्थ आतड्यात, तिथे नुसत्या 5ई1 च्या चित्रावरून नाव घेता येत नाही.

इतक्या मर्यादा असूनही तिच्यावर आमचा विश्वास आहे, आणि तो त्या मर्यादा ठाऊक असल्यामुळेच आहे. ती काय पाहते ते कळल्यावर प्रयोग तिच्याभोवती बेतता येतो. चारही वापरांसमोर हिरवी खूण असलेली अँटिबॉडी माझ्या मनात उलट शंका निर्माण करते. घडी शाबूत असलेले प्रथिन, उकळलेले प्रथिन, फॉर्मॅलिनने जखडून पॅराफिनमध्ये बुडवलेले प्रथिन आणि प्लेटला चिकटवलेले प्रथिन, या सगळ्यांत तोच तुकडा तितक्याच सहजपणे उघडा राहतो असे क्वचितच होते.

तुमची बाजू मला कळत नाही असे नाही. हे लक्ष्य खरोखर अवघड आहे. पुढचा तुकडा उत्क्रांतीत इतका जपला गेला आहे की माणसाचा आणि उंदराचा जवळपास एकसारखाच. सशाला किंवा उंदराला तो टोचला तर त्याच्या रोगप्रतिकार यंत्रणेला तो आपलाच वाटतो आणि अँटिबॉडी बनवण्यात ती हात आखडता घेते. एरवी अशा वेळी ते जनुकच नसलेला उंदीर वापरतात. इथे तीही सोय नाही, कारण एसएचएच नसलेली पिल्ले जगत नाहीत. मागचा भाग प्राण्याप्राण्यांत जास्त बदलतो, म्हणून त्याच्यावर अँटिबॉडी बनवणे सोपे पडते. मला वाटते बाजारात त्या बाजूच्या पेप्टाइडवरची उत्पादने दिसतात त्याचे एक कारण हे असावे. सोपे ते केले याबद्दल दोष देत नाही. फक्त ते त्या बाजूचे आहे, हे सांगा.

वेंट आणि नोडल या दुसऱ्या संदेशवाहक प्रथिनांच्या अँटिबॉडी घेऊन बसणाऱ्या सहकाऱ्यांची अवस्था आमच्याहून वाईट आहे. माणसात वेंटची 19 जनुके आहेत, ही प्रथिनेही मेद लावलेली, पाण्याशी वाकडी आणि ऊतीत अत्यल्प. तो विषय वेगळ्या पत्राचा आहे.

रूप आणि कुटुंब यांची गफलत किती लांबवर जाते, ते जीडीएफ11 च्या प्रकरणात सगळ्यांनी पाहिले. हेही भ्रूणविकासातले संदेशवाहक प्रथिन, पाठीच्या कण्यात कोणता मणका कुठे यायचा ते ठरवण्यात त्याचा हात असतो. 2013 मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला की वय वाढते तसे उंदराच्या रक्तातले जीडीएफ11 घटते आणि ते परत दिले तर म्हाताऱ्या उंदराच्या हृदयाची जाडी कमी होते. पुढच्या वर्षी स्नायू आणि मेंदूबद्दलही तसेच निष्कर्ष आले. तारुण्य परत आणणारे प्रथिन म्हणून मोठा गाजावाजा झाला. 2015 मध्ये दुसऱ्या एका गटाने मोजमापाची साधनेच तपासली. वापरलेली अँटिबॉडी आणि अ‍ॅप्टामर (प्रथिनाला चिकटणारा न्यूक्लिक आम्लाचा तुकडा), दोन्ही मायोस्टॅटिन या जवळच्या नात्यातल्या प्रथिनालाही धरत होती. या दोन प्रथिनांचे सक्रिय भाग सुमारे 90 टक्के सारखे आहेत. वेगळ्या, अधिक नेमक्या चाचणीने मोजल्यावर वयाबरोबर जीडीएफ11 घटते असे दिसेना. त्यावरचा वाद पुढे बराच चालला, त्यात ब्लॉटवरचा तो बँड इम्युनोग्लोब्युलिनचा होता काय हाही प्रश्न निघाला. कोण किती बरोबर होते यात मी शिरत नाही. पण ‘मायोस्टॅटिनशी तपासलेले नाही’ एवढे तीन शब्द नळीवर असते तर वादाची निम्मी हवा सुरुवातीलाच गेली असती, असे माझे मत आहे.

हेजहॉग कुटुंबात तीन भावंडे: सॉनिक, इंडियन, डेझर्ट. तिघांचे पुढचे तुकडे एकमेकांशी मोठ्या प्रमाणात जुळतात. तिन्ही प्रथिने एका जेलवर शेजारी शेजारी चालवून दाखवणे हे तुमच्या प्रयोगशाळेत एका दुपारचे काम आहे. ते चित्र मला फारच थोड्या माहितीपत्रकांवर सापडले.

‘अँटिबॉडी आपल्या परिस्थितीत तपासून घेण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची’ असे तुम्ही तळटीपेत लिहिता. तत्त्व म्हणून मान्य. फिक्सेशन किती वेळ केले, कोणते डिटर्जंट लावले, ऊत कोणती, याने चित्र बदलते. मेद लावलेल्या प्रथिनाच्या बाबतीत तर फारच. तेवढे आम्हीच करायचे आणि करतोही. पण कोणत्या तुकड्यावर अँटिबॉडी बसते हे आमच्या परिस्थितीवर अवलंबून नाही. ती गोष्ट तुमच्या फ्रीजमध्येच ठरलेली असते. ती प्रत्येक प्रयोगशाळेने स्वतः नव्याने शोधून काढायची, प्रत्येक नव्या विद्यार्थ्याने त्यात महिने घालवायचे आणि प्रत्येक ठिकाणी त्यासाठी नव्याने भ्रूण वापरायचे, याला मी जबाबदारीची वाटणी म्हणणार नाही.

आकडे तुम्हाला माहीतच असतील. 2008 मध्ये सुमारे 6000 व्यापारी अँटिबॉडींची छाननी झाली, तेव्हा फक्त आपल्याच लक्ष्याला ओळखणाऱ्या निम्म्याहून कमी निघाल्या. 2015 मध्ये 112 शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन अँटिबॉडीची ओळख तिच्या जनुकीय क्रमावरून ठरावी अशी मागणी केली. वाईट अँटिबॉडींपायी जगभरात वर्षाला 80 कोटी डॉलर वाया जातात, असा अंदाज त्यांनी मांडला होता. 2016 मध्ये अँटिबॉडी तपासण्याचे पाच मार्ग एका आंतरराष्ट्रीय गटाने आखून दिले: जनुक काढून पाहणे, अँटिबॉडीविना दुसऱ्या पद्धतीशी पडताळणे, वेगळ्या जागी बसणारी दुसरी अँटिबॉडी वापरणे, खूण लावलेले प्रथिन पाहणे आणि पकडून आणलेले प्रथिन मास स्पेक्ट्रोमीटरने ओळखणे. एसएचएचसाठी मला यातला तिसरा आणि पाचवा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण रूप सांगू शकतात ते हेच. पकडलेल्या प्रथिनाचे तुकडे मास स्पेक्ट्रोमीटरमधून गेले की 198 च्या अलीकडचे आले की पलीकडचे, यात वादाला जागा उरत नाही.

2023 चा अभ्यास मात्र तुमच्या बाजूने सांगायला हवा. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून सुरू झालेल्या एका खुल्या उपक्रमाने 65 प्रथिनांसाठीच्या 614 व्यापारी अँटिबॉडी नॉकआउट पेशींशी ताडून पाहिल्या. लक्ष्य न ओळखणारी अँटिबॉडी वापरलेले प्रत्येक प्रथिनामागे सरासरी 12 शोधनिबंध सापडले, ही झाली वाईट बातमी. चांगली बातमी अशी की अँटिबॉडी पुरवल्या होत्या तुमच्यातल्याच कंपन्यांनी, आणि निकाल हातात आल्यावर अपेक्षेला न उतरलेल्यांपैकी सुमारे 20 टक्के तुम्ही बाजारातून काढून घेतल्या आणि सुमारे 40 टक्क्यांच्या शिफारशी बदलल्या. स्वतःच्या मालाविरुद्धचा पुरावा छापायला परवानगी देऊन त्यावर कृती करणे सोपे नसते. त्याच अभ्यासात रिकॉम्बिनंट (ज्ञात जनुकीय क्रमावरून पेशींत बनवलेल्या) अँटिबॉडी बाकीच्यांपेक्षा सरस ठरल्या. तेव्हा सशाचा एक लॉट संपला की दुसऱ्या सशाचा त्याच कॅटलॉग क्रमांकाखाली विकण्याचा उद्योग आता आवरता घ्यायला हरकत नसावी. दोन ससे म्हणजे दोन वेगळी उत्पादने. क्रमांक एकच ठेवल्याने ती एक होत नाहीत.

तो अभ्यास पेशींवर होता, आमचे काम ऊतीवर असते. त्यासाठीही तयार साधन आहे. एसएचएच नसलेला उंदराचा भ्रूण 1996 पासून साहित्यात आहे. त्याचा चेहरा मध्यरेषेशी मिटलेला असतो आणि डोळा एकच. असे भ्रूण पाळणाऱ्या प्रयोगशाळा थोड्या नाहीत, आणि आमच्यातले अनेक जण तुमच्या अँटिबॉडीसाठी छेद द्यायला आनंदाने तयार होतील. सामान्य भ्रूणाच्या न्यूरल ट्यूबचा एक छेद, त्याच्या शेजारी त्याच वयाच्या नॉकआउट भ्रूणाचा, दोन्ही एकाच स्लाइडवर, कॅमेऱ्याचे एक्स्पोजर तेच. पहिल्यात पृष्ठरज्जू आणि फ्लोअर प्लेट उजळली आणि दुसऱ्यात काळोख राहिला, तर पॅराफिन छेदासमोर हिरवी खूण खुशाल करा. सध्या त्या जागी बरेचदा कुठल्याशा गाठीचा तपकिरी रंगलेला तुकडा असतो. सगळाच तपकिरी. त्यात एसएचएच कुठे असायला हवे होते आणि कुठे नको होते, हे पाहणाऱ्याला कळायचा मार्ग नसतो.

व्यापारी गुपिताचा मुद्दा राहिला. अँटिबॉडीचा पूर्ण क्रम उघड केला तर कुणीही ती बनवून विकेल ही भीती मला समजते, आणि त्यावर वकिलांनी तोडगा काढेपर्यंत मी थांबायला तयार आहे. पण इम्युनोजेन 24 ते 197 मधला की 198 ते 462 मधला, हे सांगितल्याने कोणता प्रतिस्पर्धी काय चोरणार आहे? 174 अमिनो आम्लांच्या पट्ट्यात कुठेतरी, एवढीच माहिती मी मागते आहे. ती दिली तर तुमचे गुपित सुरक्षित राहते आणि माझा प्रयोगही मार्गी लागतो.

आमच्याकडून काय मिळेल, तेही लिहून देते. शोधनिबंधात कंपनीचे नाव आणि शहर लिहून मोकळे होण्याची सवय आमचीच, ती सोडायला हवी. कॅटलॉग क्रमांक, आरआरआयडी (संशोधन साहित्याचा सामाईक ओळखक्रमांक) आणि लॉट क्रमांक हे तिन्ही लिहू. अँटिबॉडी चालली नाही तर गप्प बसून दुसरी मागवण्याऐवजी ब्लॉट तुम्हाला पाठवू. तो मात्र तुम्ही उत्पादनाच्या पानावर लावायला हवा. चांगले चित्र पाठवणाऱ्याला बक्षीस आणि वाईट चित्र पाठवणाऱ्याला बदली नळी, अशी आजची पद्धत आहे. त्यामुळे पानावर फक्त यशाचीच चित्रे साठत जातात आणि नवा ग्राहक ती पाहून निश्चिंत होतो.

शेवटी एक नमुना देते. उत्पादन काल्पनिक आहे, मजकूर हवा तसा उचला:

‘ही सशाची रिकॉम्बिनंट मोनोक्लोनल अँटिबॉडी मानवी एसएचएचच्या 24 ते 197 या भागावर बसते. उकळलेल्या नमुन्याच्या वेस्टर्न ब्लॉटमध्ये 19 किलोडाल्टनचा पुढचा तुकडा आणि 45 किलोडाल्टनचे पूर्वरूप, दोन्ही दिसतात. मागचा तुकडा दिसत नाही. मेद लावलेला आणि न लावलेला तुकडा दोन्ही ओळखते. इंडियन हेजहॉगला क्षीणपणे धरते, डेझर्ट हेजहॉगला धरत नाही, तिन्हींचा ब्लॉट सोबत. उंदराच्या भ्रूणाच्या गोठवलेल्या छेदावर नॉकआउटशी ताडून तपासली आहे. पॅराफिन छेदावर चालली नाही, चित्र सोबत. निरोप अडवते किंवा नाही, हे तपासलेले नाही.’

अशी नळी मी आजच्यापेक्षा जास्त किंमत देऊन घेईन, पॅराफिनवर चालत नसली तरी.

कळावे.

आपली,
भ्रूणविकासावर काम करणारी एक संशोधक आणि तुमची जुनी ग्राहक